बादलीतले बारा चेंडू

नव्या जागेत राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मी घरमालकांचा तीन आठवड्यांचा अभ्यास खराट्यानं झाडून टाकला.

झालं असं, की नाशिक रोडला जेल रोडच्या आतल्या एका कॉलनीत आम्ही एका लहानशा बंगल्याच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सामान लावता लावता आदल्या दिवशी अंधार पडला, त्यामुळे परसदार काही पाहिलं नव्हतं. सकाळी दूध आणायला मागच्या जिन्यानं उतरलो, तर चोपून गुळगुळीत केलेल्या मातीवर रांगोळीची एक लांब सरळ रेघ. रेघेच्या दोन्ही अंगांना खिळ्यानं ओरखडलेल्या बाणांसारख्या बारीक खुणा. बाजूला उपडी घातलेली नारळाची करवंटी. रेघेच्या मध्यावर लिंबाएवढा पांढरा गोळा, अंगभर देवीचे व्रण असल्यासारखा. आणि शेजारी घडी घातलेला रुमाल.

मी मूळचा निफाडकडचा. उतारा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तसा मी अंधश्रद्धाळू नाही, निदान कचेरीच्या वेळात नसतो. पण लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, घर नवं, मालक एकटे राहणारे. मी कोपऱ्यातला खराटा घेतला, सगळं झाडलं, वर दोन बादल्या पाणी ओतलं, करवंटी गटारात टाकली आणि तो गोळा डोळे मिटून भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये भिरकावला. वर येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, की काळजी करू नकोस, बंदोबस्त केलाय.

तिनं गॅलरीतून खाली पाहिलं आणि मला खुणेनं बोलावलं. ओल्या मातीकडे बघत एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या हातात चामड्याचा हातमोजा, उजवा हात उघडा. त्यांनी वर पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "कोणत्या बाजूला फेकलात?"

मी हात केला. ते मागच्या फाटकातून गेले आणि पंधरा-वीस मिनिटांनी पँटभर कुसळं घेऊन परत आले. गोळा सापडला होता. तो गोल्फचा चेंडू आहे हे त्यांनीच सांगितलं. मग माझ्या उजव्या खांद्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, की खांदा मोकळा आहे तुमचा, चेंडू लांब गेला होता. पण फेकताना डोळे मिटले होतेत ना?

आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी झाली. त्यांचं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पण आम्ही त्यांना काकाच म्हणत असू.

काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. यंत्रांची हत्यारं घडवायचं काम. सुताएवढा फरकही खपत नसे तिथं. त्यांच्या साहेबांना गोल्फचा नाद होता. दर रविवारी साहेब देवळालीच्या लष्करी मैदानावर खेळायला जात, आणि एकदा चौथा भिडू आला नाही म्हणून काकांना घेऊन गेले. ते जे गेले ते अकरा वर्षं जात राहिले. पुढे साहेबांची मुंबईला बदली झाली आणि ते सगळं संपलं. काठी घेऊन कुणीही उठून आत शिरावं असं ते मैदान नव्हतं. काकांकडे उरल्या जुन्या धोतरात गुंडाळलेल्या पाच काठ्या, बादलीभर चेंडू आणि एक खोड. मी क्लबला 'काठी' म्हणालो की काकांच्या कपाळावर बारीकशी आठी पडायची, पण दुरुस्त करायचे नाहीत.

खोड अशी, की त्यांचा चेंडू नेहमी उजवीकडे वळायचा. त्याचं कारण त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे, की पोरांच्या शाळेतलं गणित विसरलो तरी ते विसरणार नाही. काठी वरून खाली येताना ती अंगाच्या आतल्या बाजूनं यायला हवी. आतून यायचं, रेघेवर चेंडूला भेटायचं आणि पुन्हा आत वळायचं. काका तसे येत नव्हते. उजवा खांदा घाई करायचा, काठी बाहेरून यायची, चेंडूला कापल्यासारखी डावीकडे ओढली जायची, आणि चेंडू मात्र भोवरा होऊन उजवीकडे पळायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, की आमच्या पाटबंधारे खात्यातही असंच असतं, पाणी सोडतात एका गावाला आणि पोचतं दुसऱ्याच. काका हसले नाहीत. म्हणाले, "तिथंही कुणाचा तरी खांदा घाई करत असणार."

म्हणून ती रांगोळी. मार बसला की रेघेची पूड ज्या बाजूला उडेल त्यावरून काठी कुठून आली ते कळायचं. डावीकडे उडाली की चुकलं. मग खिळ्यानं खूण करायची, रेघ पुन्हा ओढायची, पुढचा चेंडू. करवंटी बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे काठी बाहेरून आली तर आधी करवंटी उडेल. रुमाल उजव्या खाकेत धरायचा. तो पडला तर कोपर सुटलं. रांगोळी ते पंचवटीतून आणायचे, पाच-पाच किलो. दुकानदारीण बाई एकदा कौतुकानं म्हणाल्या होत्या, की सुना हौशी दिसताहेत घरात. काकांनी होय म्हणून टाकलं. मला हे सांगताना म्हणाले, नाही म्हटलं असतं तर अजून अर्धा तास गेला असता.

खरं म्हणजे त्या घरात सून नव्हती, लेक नव्हती, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. कामाला बाई येत असे ती नऊ वाजता जायची. त्यानंतर खालून फक्त एकच आवाज यायचा. आधी सूंऽ असा वारा कापल्याचा, मग टक्, मग जाळ्यात काहीतरी पडल्याचा. जाळं दिंडोरीच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून आणलेलं, द्राक्षांवर पाखरं बसू नयेत म्हणून टाकतात ते, चौपदरी करून भिंतीलगत टांगलेलं. चेंडू जेमतेम दहा फूट जायचा आणि जाळ्यात अडकायचा. म्हणजे काका रोज पन्नास चेंडू मारत, पण त्यातला एकही कुठे गेला असता हे त्यांना दिसत नसे. मारल्यावर ते काठी खांद्यावर तशीच ठेवून, मान वर करून, जाळ्याच्या पलीकडे शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचे. मग स्वतःशीच म्हणायचे, "झाडीत." किंवा फार क्वचित, "बरा होता."

मी कचेरीत अनुरेखक होतो. इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून त्यांच्याच रेघा पुन्हा ओढायच्या, हे काम. काकांना हे कळल्यावर त्यांना माझ्याबद्दल नसता आदर वाटू लागला. रेघ कळणारा माणूस, म्हणायचे. रविवारी सकाळी मला रेघेच्या मागे उकिडवं बसवायचे आणि प्रत्येक माराला विचारायचे, कशी आली? मला काठी दिसायचीच नाही, नुसती सूंऽ ऐकू यायची. मी आपला दर वेळी "सरळ" म्हणायचो. दोनेक महिन्यांनी काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही सरळ म्हणता तेव्हा तुम्हाला चहा हवा असतो, एवढं मला कळतं."

एकदा त्यांनी मलाही काठी दिली. खाकेत रुमाल, डोकं खाली, मान हलवायची नाही. चेंडूला मारायला जाऊ नका, म्हणाले. हात आपल्या वाटेनं जात असतो, चेंडू वाटेत येतो. मी दहा वेळा हात आपल्या वाटेनं नेला. पाच वेळा जमिनीला बसला, चार वेळा हवेत गेला आणि एकदा कढीपत्त्याची कुंडी फुटली. बायको गॅलरीतून बघत होती. तिला हसू आवरेना म्हणून ती आत गेली आणि आतून हसली, ते जास्त ऐकू आलं. काकांनी मात्र गंभीरपणे निदान केलं, की वाट बरोबर आहे तुमची, चेंडू तेवढा तिच्यावर नाही.

त्यांना सगळीकडे हीच वाट दिसायची. लाकडं फोडणारा, गवंड्याचा थापीचा हात, दूधवाल्याचं माप. माझ्या बायकोचा झाडू आतून येतो असं त्यांनी एकदा जाहीर केलं आणि तिला पुन्हा एकदा ओटा झाडून दाखवायला सांगितलं. लग्न झाल्यापासून माझ्या झाडण्याला कुणी बरं म्हटलं नव्हतं, असं तिनं नंतर मला दिवसभर ऐकवलं. तेव्हापासून ती त्यांना रोज संध्याकाळी वाटीभर काहीतरी खाली पाठवू लागली. वाटी धुऊन, पुसून, परत जिन्याच्या कठड्यावर येऊन बसायची. कधी आत काही घालून नाही. एकट्या माणसाच्या घरात घालण्यासारखं असणार तरी काय.

काकांचा एक नियम होता. नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला की बादली भरून परसात यायचं आणि पन्नास चेंडू संपेपर्यंत कुणी हाक मारायची नाही. हा नियम मी एकदाच मोडला. गॅसचं सिलिंडर आलं होतं, माणूस खोळंबला होता, मी गॅलरीतून हाक मारली. काकांनी काठी खाली ठेवली. "एकोणचाळिसावा होता," म्हणाले. मग जाळ्याखालचे सगळे चेंडू गोळा करून बादलीत टाकले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. सिलिंडर परत गेलं. त्या आठवड्यात काकांनी स्टोव्हवरचा भात खाल्ला आणि मी शपथ घेतली, की खाली आग लागली तरी पन्नास होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

माणूस नको तिथं शपथ पाळतो.

अर्ज केल्यापासून पाच वर्षांनी आमच्याकडे फोन आला. काळा, जड, चकती फिरवायचा. आम्ही पेढे वाटले. त्या संध्याकाळी काका पहिल्यांदाच जिना चढून वर आले. खुर्चीच्या कडेवर बसले. मुलगी नागपूरला दिलेली आहे, म्हणाले. दिवाळीला आणि पाडव्याला कार्ड टाकते. तिला तुमचा नंबर कळवू का? कधी करणार नाही, पण असावा. बायकोनं त्यांच्या देखत कागदावर नंबर लिहून दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, पुन्हा काढून वाचून बघितला आणि पुन्हा ठेवला.

ती मुलगी वडिलांकडे का येत नाही, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

तिचा फोन आला तो पुढच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी. बायको माहेरी, पंचवटीत गेली होती. ती असती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. मी उचलला. बाईचा आवाज, जपून बोलणारा. मी नागपूरची, म्हणाली, खाली राहतात त्यांची मुलगी. बाबा आहेत का?

मी म्हणालो, आहेत ना, प्रॅक्टिस चाललीय. एवढ्यावर थांबलो नाही. मला वाटलं आपण नेमकी माहिती द्यावी. रिसीव्हर टेबलावर ठेवून गॅलरीत गेलो, वाकून बादलीतले चेंडू मोजले आणि परत येऊन सांगितलं, "बारा चेंडू राहिलेत. पंधरा मिनिटांनी करता का?"

गाडीची शिट्टी झाली. आमच्या घरात दिवसरात्र गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येत. ती खिडकीतून आली की फोनमधून, हा प्रश्नही मला पडला नाही.

"असू दे," ती म्हणाली. "काही विशेष नव्हतं."

पन्नास पुरे झाल्यावर मी खाली जाऊन काकांना सांगितलं. ते हातमोजा न काढताच वर आले. काय म्हणाली, कशी म्हणाली, आवाज कसा होता, असं तीन-तीनदा विचारलं. मग फोनशेजारच्या खुर्चीवर बसले. दुपारी बायको आली तरी बसलेच होते. तिनं त्यांना जेवायला वाढलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, की तुम्ही त्यांना हाक का नाही मारलीत? मी नियमाबद्दल सांगितलं. ती पोळीवर तूप लावत राहिली.

आठ दिवसांनी कार्ड आलं. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं. कार्ड उघडं असतं, वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे जातात. लिहिलं होतं, की मुंबईला निघाले होते, नाशिक रोडला गाडी तासभर अडकली. वाटलं होतं पाच मिनिटं भेटावं. पण तुम्ही प्रॅक्टिसला आहात असं कळलं. तब्येतीला जपा.

स्टेशन आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

मी ते कार्ड घेऊन परसात गेलो तेव्हा काका उकिडवे बसून थापीनं माती सारखी करत होते. वाचलं. मग पुन्हा थापी घेतली आणि मातीकडेच बघत बोलायला लागले. आठ वर्षांपूर्वीचा रविवार. मुलीच्या आईला दमा होता, दर थंडीत व्हायचाच. सोळावं होल संपलं तेव्हा शेजाऱ्यांचा माणूस सायकल मारत मैदानावर आला, की वहिनींना बरं नाही. अठरा होलांचा, म्हणजे अठरा खळग्यांचा डाव, दोनच राहिली होती. साहेब म्हणाले, एवढी संपवून जा. मलाही वाटलं, नेहमीचंच दुखणं आहे. सतराव्याला चेंडू मारला तो उजवीकडे गेला, झाडीत. तो शोधण्यात बराच वेळ गेला. घरी आलो तर कुलूप. सतरा वर्षांच्या मुलीनं शेजाऱ्यांच्या मदतीनं आईला दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवसांनी बायको गेली. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता. मुलगी मला कधी काही बोलली नाही, काका म्हणाले. एकदाच विचारलं, चेंडू सापडला का?

साहेबांची बदली त्यानंतर दोन महिन्यांनी झाली होती. मैदान आधीच सुटलं होतं.

"तो सरळ गेला असता तर," काका म्हणाले आणि थांबले. रांगोळीचा डबा उघडून त्यांनी नवी रेघ ओढली. तेव्हा मला कळलं, की गेली इतकी वर्षं ते पन्नास चेंडू मारत नव्हते. एकच मारत होते.

मी म्हणालो, काका, तिला लिहा की तुम्हाला फोनचं कळलंच नव्हतं, वरच्या गाढवानं हाक मारली नाही. त्यांनी मान हलवली. नियम माझा होता, म्हणाले. तुमचं नाव कशाला सांगू? तुम्ही खरं तेच सांगितलंत.

बायकोनं मला सांगितलं, मग तुम्ही लिहा. चूक तुमची, पत्र तुमचं. मी पहिला मसुदा त्याच रात्री केला. फार विनोदी झाला. दुसरा फार दुःखी झाला. तिसऱ्यात मी स्वतःला इतका दोष दिला, की वाचणाऱ्यानं माझीच समजूत काढावी. सगळे मसुदे एका नकाशाच्या नळीत ठेवले. जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, स्वतःची काढायची वेळ आली की माझी पेन्सिल थांबते. बायको सुरुवातीला महिन्याला एकदा आठवण करायची, मग वर्षाला एकदा, मग नुसती नळीकडे बघायची.

काकांचा नियम मात्र त्या दिवसापासून मोडला. त्यांनी जुन्या बाजारातून शाळेची घंटा आणली, आमच्या गॅलरीत टांगली आणि तिची दोरी फोनच्या टेबलापर्यंत आणून बांधली. कुणाचाही फोन असो, म्हणाले, कितवाही चेंडू असो, वाजवा. पहिल्या काही महिन्यांत मी दोनदा वाजवली. एकदा त्यांच्या जुन्या सोबत्याचा होता, एकदा चुकीचा नंबर. दोन्ही वेळा ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले. चुकीचा नंबर होता तेव्हाही रिसीव्हर घेऊन त्या माणसाशी मिनिटभर बोलले.

पण आमचा फोन वाजला की खाली ऐकू जायचा, आणि वाजला नाही तरी त्यांचं लक्ष तिकडेच. काठी खाली येता येता मान वर उचलली जायची, नजर गॅलरीकडे. मान उठली की खांदा सुटतो, खांदा सुटला की काठी बाहेरून येते. हे त्यांनीच मला शिकवलेलं. आता मला उकिडवं न बसताही दिसायचं. रांगोळी दर वेळी डावीकडे. करवंट्या फुटायला लागल्या. बायको नारळ फोडला की अर्ध्या नीट जपून ठेवायची, खाली लागतील म्हणून. "कशी आली?" हे विचारायचं काकांनी सोडून दिलं होतं.

तिचा फोन आला नाही असं नाही. दिवाळीला एकदा आला. घंटा वाजली, काका आले, आम्ही दोघं उगाच गॅलरीत जाऊन उभे राहिलो. थंडी पडली का, संत्री कशी आहेत, जावईबापूंची बदली. मग काका म्हणाले, "त्या दिवशी तू फोन..." आणि थांबले. पलीकडून ती काहीतरी म्हणाली असावी. काका म्हणाले, "बरं. असू दे तर असू दे." इतकंच.

पुढे आम्ही इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट घेतला. तोवर फोन मागितला की महिन्याभरात मिळायला लागला होता, काकांनीही घेतला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी टेम्पोत सामान चढवायला मदत केली आणि बायकोला विचारलं, तिकडे ओटा आहे का झाडायला? नाही, म्हणाली, सगळी फरशी आहे. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

त्यानंतर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. मी इथून केला तर तुम्हाला लागतो, हे कळलं, म्हणायचे. आता तुम्ही ठेवा आणि तिकडून करा. बाहेरून येणारा वाजतो की नाही बघायचंय. मी करायचो. एका घंटेत उचलायचे. "वाजतो," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. हे पाच वर्षं चाललं. कधी मी लग्नकार्याला गेलो आणि फोन करायचा राहिला, तर सोमवारी त्यांची तक्रार नसायची. नुसतं म्हणायचे, काल तपासायचा राहिला.

काका गेले ते थंडीतच. छातीत कफ झाला, तीन दिवसांत आटोपलं. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, तोवर आम्ही थांबलो होतो. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. वडिलांसारखीच उंच, तशीच मान किंचित खाली. दिवस झाले, नातेवाईक पांगले, तिचा नवरा नोकरीसाठी नागपूरला परतला. घर आवरायला म्हणून ती आठवडाभर एकटी राहणार होती.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीतून सरळ तिकडे गेलो. ती परसातल्या पायरीवर बसली होती. जाळं काढून घडी घातलेलं, काठ्या धोतरात बांधलेल्या, बादली भरलेली. या चेंडूंचं काय करायचं असतं, तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. पण मी काय सांगायला आलो होतो ते ठाऊक होतं. या वेळी मसुदा केला नव्हता. एका दमात सांगून टाकलं. त्या रविवारी फोनवर मी होतो. तुमच्या वडिलांना मी हाक मारलीच नाही. तुम्ही फोनवर आहात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बारा चेंडू राहिलेत हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं, मी वरून वाकून मोजले होते.

तिनं विचारलं, "म्हणजे नको असं त्यांनी म्हटलंच नव्हतं?"

"नाही हो. कळल्यावर दुपारपर्यंत फोनपाशी बसून होते."

तिनं बादलीतला एक चेंडू उचलला आणि बोटांनी त्याच्यावरची माती काढायला लागली. माती काढता काढता म्हणाली, "स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या होत्या. मी त्या बघत तासभर बाकावर बसले होते." मग चेंडू परत ठेवला. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, म्हणाली. तुमचा काही दोष नाही, मनात ठेवू नका. चहा टाकू का, असंही म्हणाली. मी नको म्हणालो, घरी वाट बघत असतील.

जेल रोडवरून इंदिरानगरपर्यंत मी स्कूटर नव्हे, पतंग चालवत आलो. आठ वर्षांचा धोंडा उतरला होता. घरी येऊन बूट काढले, खुर्चीत बसलो, बायकोला म्हणालो, आधी आलं घालून चहा कर, मग सांगतो. आणि चहा होण्याआधीच सगळं सांगितलं. काकांची मुलगी काय म्हणाली, मी काय म्हणालो, दोष नाही असं तिनं स्वतःच्या तोंडानं कसं सांगितलं. मला वाटलं, बायको म्हणेल, सुटलात एकदाचे.

तिनं गॅस बंद केला.

"आठ वर्षं तिला वाटत होतं, वडिलांनी मला टाळलं," ती म्हणाली. "आज तिला कळलं, की टाळलं ते तिनंच. आणि हे तिच्या पदरात टाकून तुम्ही चहा प्यायला घरी आलात? ती बसली असेल तिथं एकटी. बूट घाला. मीही येते, तिला जेवायला घेऊन येऊ."